चुकीचा रियाज

बाबांना बढती मिळाली ती नव्या जिल्ह्यात. नांदेडच्या कचेरीत ते कितीतरी वर्षं कारकून होते. अव्वल कारकून व्हायचं तर लातूरला जावं लागेल, असा हुकूम आला. लातूरचा जिल्हा होऊन तोवर काही वर्षं लोटली होती, पण सगळे त्याला नवा जिल्हाच म्हणत. कचेरीतली टेबलं नवी, शिक्के नवे आणि माणसं इकडून तिकडून गोळा केलेली.

घरात प्रश्न उभा राहिला तो बाबांच्या जेवणाचा. दादाला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नुकताच प्रवेश मिळाला होता, धाकटी बहीण शाळेत होती, म्हणून आईला नांदेड सोडता येत नव्हतं. आणि मी त्याच वर्षी बारावीला इंग्रजीत नापास झाले होते.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "ही तशी बी घरीच हाय. हिला घेऊन जा. तुमच्या पोटाला तरी येळेवर मिळंल."

मी तिथेच चुलीजवळ बसले होते. मला कोणी विचारलं नाही.

आमच्या घरात शिक्षणाचा विषय निघाला की सगळे सावरून बसत. आजोबांनी दीक्षा घेतली आणि पोरांना शाळेत घातलं. बाबा मॅट्रिक होऊन सरकारी नोकरीला लागले. आता दादा इंजिनिअर होणार होता. या रांगेत मध्येच आपटणारी मी पहिली. त्यामुळे भांडायला मला तोंड नव्हतं. एकच गोष्ट माझ्या बाजूने होती, ती म्हणजे पेटी. आमच्या विहारात वंदनेला आणि गाण्यांना मी पेटीची साथ करायचे. नांदेडला एका बाईंच्या क्लासात चार वर्षं शिकत होते, आणि संगीताच्या पुढच्या परीक्षेला बसणार होते. ती पास झालीस तर लहान मुलींचा वर्ग तुझ्याकडे देते, असं बाईंनी मला सांगितलं होतं.

बाबांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "पेटी घे संगं. परीक्षा पास हो, मग ये वापस नांदेडला. एक वर्षाचा तर सवाल हाय."

खोली मिळायला वेळ लागला. लोक खोली दाखवायचे, पाण्याच्या अडचणी सांगायचे, आणि मग आडनाव विचारायचे. बाबा आडनाव खणखणीत सांगत. ते ऐकलं की घरमालकाला खोली कालच साडूला कबूल केल्याचं आठवायचं. शेवटी एका म्हाताऱ्या मुसलमान गृहस्थांनी आम्हांला मागची खोली दिली. त्यांनी एवढंच विचारलं, "पानी जरा सांभाल के वापरेंगे ना?"

आम्ही त्यांना चाचा म्हणायला लागलो. त्यांचा मुलगा हैदराबादला एका बँडमध्ये होता आणि सणासुदीला घरी यायचा. घरात ते आणि त्यांची सून. सुनेला मी भाभी म्हणायचे. चाचा स्वतः जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. आता त्यांचे पुढचे दात गेले होते, आणि दातांशिवाय क्लॅरिनेट धरता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यापासून दोन हातांवर शेजाऱ्यांची भिंत. त्या भिंतीवर ऊन चढलं की दहा वाजले आणि उतरलं की चार वाजले, असं माझं घड्याळ होतं. नळ आठ दिवसांनी येई, कधी दहा. कधी येईल ते कोणी सांगू शकत नसे. टँकर तर मनाला येईल तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभा राही. म्हणजे घरात कायम कोणीतरी असायला हवं. ते कोणीतरी म्हणजे मी.

बाबा सकाळी सातला कचेरीच्या जीपमधून जात. त्यांच्याकडे टँकरच्या गावांचं काम होतं. कोणत्या वाडीला पाणी पोचलं, कोणत्या तांड्याला नाही, हे बघत ते दिवसभर फिरत. दिवसभर लोकांच्या पाण्यामागे धावणाऱ्या माणसाच्या घरी मी पाण्याची वाट बघत बसलेली. जाताना त्यांचं रोजचं वाक्य ठरलेलं: "कडी लावून घे. टँकर आला तर भाभीसंगं जा. एकटी गल्लीत जाऊ नको."

भाकरी, भाजी, झाडलोट नऊपर्यंत आटपायची. मग पुढे सगळा दिवस पडलेला. मी पेटी काढायचे.

परीक्षेला यमन होता. बंदिश बरी बसली होती. अडत होतं ते एका तानेपाशी. नि रे ग म ध नि सां अशी ती वर चढते. म तीव्र आणि त्याच्यावरून थेट ध वर जायचं, मधल्या पंचमाला बोट लागू द्यायचं नाही. सावकाश वाजवलं की जमायचं. लय वाढली की बोट हटकून पंचमावर घसरायचं. चुकलं की मी थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शंभर वेळा केल्याशिवाय बोट बसत नाही, असं बाईंचं सांगणं होतं. मी एका वाटीत शंभर चिंचोके घेऊन बसायचे. एकदा वाजवलं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. दुपारपर्यंत वाटी रिकामी व्हायची आणि तान जिथल्या तिथे. मग मला रडू यायचं. ही तान बसत नाही तोवर परीक्षा नाही, परीक्षा नाही तोवर नांदेड नाही. त्या सात सुरांच्या पलीकडे माझं घर होतं आणि मी रोज शंभरदा त्याच पायरीवरून घसरून परत खोलीत पडत होते.

असा दीड महिना गेला. एक दिवस दाराची कडी वाजली. मी फटीतून बघितलं. चाचा होते. मला वाटलं, आवाजाची तक्रार घेऊन आले. खोली गेली, असंच मनात आलं.

दार उघडलं. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले आणि म्हणाले, "बेटी, एक बात पूछूं? गुस्सा नक्को करना."

"विचारा ना, चाचा."

"तू रोज सौ बार बजाती. सौ में से नब्बे बार वोच गलती करती. तो तेरी उंगली क्या सीख रई? तान सीख रई के गलती?"

मी चिंचोक्यांच्या वाटीकडे बघितलं.

"गलती का रियाज कर रई तू," ते म्हणाले. "और पक्का रियाज कर रई, माशाल्ला."

मला इतका राग आला की कान तापले. लग्नात वाजवणारा माणूस मला परीक्षेचं सांगतोय, असंही मनात आलं. ते आता लिहायलाही लाज वाटते. मी पेटी बंद केली. चाचा उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र चिंचोके हातात घेतले आणि वाजवता येईना. प्रत्येक चुकीला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. शेवटी मीच चाचांचं दार वाजवून विचारलं, "मग काय करू?"

ते पायरीवर येऊन बसले. म्हणाले, सगळी तान कशाला वाजवतेस? चूक कुठे आहे तेवढंच वाजव. म आणि ध. दोनच सूर. पंचमावर बोट जाणार नाही इतकं सावकाश. पाच मिनिटं कर आणि सोडून दे.

"पाचच मिनिटं?"

"हौ. फिर दूसरा काम कर. रोटी बना. फिर आ के पाच मिनट."

पुढचे दोन-अडीच महिने ते दुपारी पायरीवर येऊन बसत. मी दार सताड उघडं ठेवून आत पेटीशी. भाभी अंगणात तिचं काही निवडत, टिपत बसलेली. चाचांना पेटी येत नव्हती. सूर कळत होते, आणि बँडमध्ये पंचवीस पोरांना शिकवलेलं होतं. त्यांची सगळी विद्या अशा पोरांवर तयार झाली होती, ज्यांना लिहिता वाचता येत नव्हतं आणि ज्या लग्नात वाजवायचं ते परवावर आलेलं असायचं.

दोन सूर सुटे नीट यायला लागल्यावर त्यांनी मला तान मागून शिकवली. आधी शेवटचे दोन सूर, मग शेवटचे तीन, मग चार. "सब लोगां आगे का पक्का करते और पीछे जाके मरते," ते म्हणाले. "तू पीछे का पक्का कर. जितना आगे जाएगी, उतनी पहचान की गली आएगी." खरंच तसं व्हायचं. आधी मी जसजशी चुकीच्या जागेजवळ जायचे तसतशी बोटं आधीच घाई करायला लागायची. आता त्या जागेच्या पुढचं सगळं ओळखीचं होतं.

मग लंगडी चाल आली. एक सूर लांब, एक आखूड, असं सगळं वाजवायचं. मग उलट, आधी आखूड मग लांब. ते मांडीवर हाताने ठेका धरत, बँड मिरवणुकीत चालतो तसा. यमन असा लंगडताना ऐकून भाभी पदर तोंडाला लावून हसायची. मलाही हसू यायचं. लातूरला आल्यापासून मी मोठ्याने हसले ती बहुतेक पहिलीच वेळ.

एकदा म्हणाले, भाता सोड. हवाच भरू नको. नुसती बोटं फिरव आणि सूर मनात ऐक. आवाज नसलेली पेटी वाजवताना मला समजलं की मला तान पाठच नव्हती. बोटं धावत होती आणि मी त्यांच्या मागून. दुसऱ्या एका दिवशी पेटी उघडूच दिली नाही. "आज गा के बता." मी ज्वारी पाखडत होते, तशीच सुपाच्या ठेक्यावर गायला लागले. म वरून ध वर गळा सरळ गेला, एकदाही न अडखळता. त्यानंतर पेटीवर बसले तेव्हा बोट गळ्यामागे गेलं.

पण सगळंच असं गोड नव्हतं. एक आठवडा तर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्यांनी सांगितलं होतं की आता एकच गोष्ट धरून बसू नको. थोडी तान, थोडी बंदिश, थोडे अलंकार, पुन्हा तान, असं मिसळून वाजव. आणि तान रोज वेगळ्या पट्टीतून, म्हणजे सा रोज वेगळ्या जागी धरून. मी पांढरी एक सोडून कधी वाजवलं नव्हतं. काळी चारमधून सुरू केलं की पट्ट्यांची सगळी ओळख पुसून जायची. जिथे काळी पट्टी तिथे पांढरी, जिथे पांढरी तिथे काळी. आंधळ्यासारखी चाचपडायचे. त्या आठवड्यात मी दीड महिन्यापूर्वी वाजवत होते त्याहूनही वाईट वाजवलं.

"चाचा, मला होतं तेही येईना झालंय," मी म्हटलं. "परीक्षा महिन्यावर आली. तुम्ही सगळं बिघडवून ठेवलं."

"बिगडा नहीं. हिल गया," ते म्हणाले. "हिलने दे. दो दिन हात नक्को लगा."

दोन दिवस मी पेटीला हात लावला नाही. लावायला मिळालाही नसता. त्याच दोन दिवसांत टँकर आला, नळही आला, आणि मी आणि भाभी हंड्यांच्या मागे धावत होतो. तिसऱ्या दिवशी पेटी काढली, पांढरी एकमधून तान लावली. लय वाढवली. आणखी वाढवली. बोट पंचमाकडे वळलंच नाही. मी सातआठ वेळा वाजवून बघितली, कारण माझा विश्वास बसत नव्हता. भिंतीपलीकडून चाचांचा आवाज आला, "बस! अब बंद कर. अच्छा बजा तो वहींच उठ जाना."

हे सगळं बाबांना माहीत नव्हतं. मी मुद्दाम लपवलं नव्हतं, पण सांगितलंही नव्हतं. एक दिवस त्यांची जीप बिघडली आणि ते दुपारीच परतले. अंगभर धूळ, डोळे लाल. दारात येऊन उभे राहिले. दार सताड उघडं, पायरीवर चाचा, आत मी. भाभी नेमकी त्या वेळी आत गेलेली.

बाबा चाचांच्या बाजूने सरळ आत आले. चाचाच उठले, "आओ साब," म्हणाले आणि आपल्या बाजूला गेले. बाबांनी दार लावून घेतलं.

"काय करून राहिलीस हे?"

"पेटी शिकत होते."

"पेटी शिकायला दार उघडं टाकून बसायला लागतंय? गल्लीतून माणसं जातात येतात. परका गाव हाय हा. उद्या कुणी काय बोललं तर मी कुणाकुणाचं तोंड धरू? तिकडं गावागावात लोक माझ्या नावानं बोंब मारून राहिलेत, आन् इथं घरी आलं तर हे."

"चाचा म्हातारे आहेत, बाबा. बाहेर बसतात."

"उद्यापासून न्हाई बसायचं. कडी लावून वाजव."

उद्यापासून कडी लागली. परत तीच भिंत, तेच ऊन चढणं उतरणं. त्या दिवसांत मला खोली पहिल्यापेक्षा लहान वाटायला लागली. आधी बाहेर कोणी नव्हतं तेव्हा कडीचं एवढं काही वाटत नसे. आता पायरीवर माणूस होता आणि मध्ये कडी होती. काही वेळा मी पेटीशी नुसती बसून राहायचे आणि दाराकडे बघायचे. एकदा तर माझ्या मनात आलं की नळ आला तरी उठायचं नाही. वाहून जाऊ दे सगळं. तसं केलं मात्र नाही.

पण भाभीला आमच्याकडे यायला कोणी बंदी केली नव्हती. ती हंडा घ्यायला म्हणून यायची आणि निरोप सांगायची. "अब्बा बोल रहे, आज उल्टा बजा." "अब्बा बोल रहे, तीसरी उंगली जल्दी कर रई." भिंतीतून त्यांना तिसरं बोट कसं दिसत होतं कोण जाणे, पण ते खरं असायचं. कधी ती निरोप विसरून जायची आणि स्वतःच्या मनाचं काही सांगायची. "अब्बा बोल रहे, कुछ फिल्म का बजा." हा अब्बांचा निरोप नाही हे मला कळायचं. मी वाजवायचे.

परीक्षा नांदेडला रविवारी होती. बाबा शनिवारी मला घेऊन जाणार होते. गुरुवारी ते आले तेच तोंड उतरवून. जेवायला बसले आणि म्हणाले, "माय, शनिवारचं जमंना. मोठे साहेब येणार हायेत दुष्काळ बघायला. सगळ्यांच्या रजा बंद केल्यात."

"मग मी एकटी जाते. सकाळच्या एस.टी.ने."

"एकटी न्हाई."

"दिवसाची गाडी आहे, बाबा. दादा येईल स्टँडवर."

"न्हाई म्हणलं ना. पुढच्या बारीला बस परीक्षेला. सहा महिन्याचा तर सवाल हाय."

मी भाकरी वाढत होते. ती टोपलीत परत टाकली. इतके दिवस जे तोंडात आलं नव्हतं ते आलं.

"दादाची परीक्षा असती तर सहा महिने थांबवलं असतं का?"

ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"मी नापास झाले म्हणून मला इकडं आणलं. आणि पास व्हायला निघाले तर तुम्ही जाऊ देत नाही. मग मी करू तरी काय? इथंच पाणी भरत बसू?"

बाबांनी ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतला. वाटीभर पाण्यात हात धुवायची सवय झाली होती, त्या वाटीतही पाणी उरलं होतं. आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता झोपलो.

शुक्रवारी सकाळी बाबा जीपची वाट बघत अंगणात उभे होते. मी आत भांडी आवरत होते. ते चाचांच्या दाराशी गेले, हे मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळलं. त्या प्रसंगानंतर ते चाचांकडे मान वर करून बघत नव्हते.

"चाचा, हैत का?"

"आओ साब, आओ."

"बसत न्हाई. ते, तुमच्या सूनबाईंचं माहेर नांदेडला हाय म्हणं."

"हौ. देगलूर नाके के पास."

बाबांच्या चपला जागच्या जागी वाजल्या. मग म्हणाले, "आमच्या पोरीची परीक्षा हाय रविवारी. मला रजा न्हाई. सूनबाई जर जाणार असतील माहेरी, तर." पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

चाचा म्हणाले, "वो तो कब से मायके जाती बोल रई. मैंच रोक के रखा था. पानी कौन भरेगा बोल के."

"पाणी मी भरतो," बाबा म्हणाले. "शनिवार रविवार तुमचं आन् आमचं. साहेब येऊन गेले की मी घरीच हाय."

आत माझ्या हातातलं ताट मी हळूच खाली ठेवलं.

शनिवारी आम्ही दोघी सकाळच्या गाडीने निघालो. भाभी सगळा रस्ता बोलत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं उघडी पडलेली, कुठे कुठे टँकर उभे. मी मांडीवर बोटं फिरवत होते, कधी पुढून, कधी मागून.

परीक्षा एका शाळेत होती. जड पेटी घेऊन आम्हां दोघींना एस.टी.त चढणं शक्य नव्हतं, त्यामुळे तिथलीच वाजवायची. परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर. समोर सतरंजी आणि तिच्यावर पेटी. मी बसले, भाता उघडला, पांढरी एकचा सा धरला आणि आरोह घेतला. तीव्र म ची पट्टी दाबली तर सूर आलाच नाही. पुन्हा दाबली. नुसती हवा फुसफुसली. यमनात तीव्र म नाही म्हणजे यमनच नाही.

परीक्षक कागदावरून वर बघत म्हणाले, "काय झालं?"

"सर, ही पट्टी बोलत नाही."

"अरेच्चा. दुसरी पेटी शेजारच्या वर्गात आहे, तिथे परीक्षा चालू आहे. थांबता का? शेवटी घेऊ तुमचं."

शेवटी म्हणजे संध्याकाळ. तोवर हात थंड पडणार. मी म्हटलं, "सर, मी काळी चारमधून वाजवू का? त्यात ही पट्टी लागत नाही."

"तयारी आहे?"

"आहे."

मी वाजवलं. बंदिश झाली, अलंकार झाले. तान आली. एकदा, दुगुनीत, चौगुनीत. बोट कुठे जायचं तिथे गेलं. मी बोटांकडे बघतही नव्हते. आनंदाच्या भरात उतरताना एका साध्या जागी चुकले, जिथे मी कधीच चुकत नसे. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "कोणाकडे शिकता?"

मी बाईंचं नाव सांगितलं. बाई दाराशीच उभ्या होत्या. चाचांचं नाव सांगावंसं वाटलं, पण ऐनवेळी जीभ रेटली नाही. ते मला आजही लागून आहे.

मी पास झाले. निकाल आईच्या पत्रातून कळला. गुण काही फार नव्हते, पण पास. मी पत्र बाबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चांगलं झालं." मग थोड्या वेळाने, "पाऊस पडू दे. मग बघू नांदेडचं."

पाऊस पडला. गल्लीत चिखल झाला, टँकर बंद झाले, नळ दिवसाआड यायला लागला. बाबांनी नांदेडचं नाव काढलं नाही. मी आठवण केली की ते म्हणत, "पुढच्या महिन्यात." बाईंनी लहान मुलींचा वर्ग दुसऱ्या कोणाला दिल्याचं दादाने कळवलं. त्या दिवशी मी जेवण केलं नाही. म्हणजे बाबांसाठी केलं, मी खाल्लं नाही. चार महिने मी पेटी उघडली नाही. चाचा पुन्हा पायरीवर येऊन बसायला लागले होते, बाबांना आता त्याचं काही वाटत नव्हतं. पण त्यांनीही पेटीचा विषय काढला नाही. भाभी आणि मी अंगणात बसून शेंगा फोडत असू, तेही तिथे ऊन खात बसत.

एकदा मी त्यांना म्हटलं, "चाचा, एवढं शिकून काय झालं? मी इथंच आहे."

त्यांनी सुपातली एक शेंग फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाले, "मैं भी यहींच हूं बेटी." आणि तोंडावर हात ठेवला, जिथे दात नव्हते.

त्यानंतर मी बारावीचा फॉर्म भरला, लातूरमधूनच. इंग्रजीचं पुस्तक काढलं. जिथे अडत होतं तेवढंच आधी काढून, थोडं थोडं, मधून मधून, मागून पुढे. कोणी शिकवायला नव्हतं. पास झाले. पुढे डी.एड.ला नंबर लागला तो नांदेडला, आणि आता मला अडवायला बाबांकडे कारण उरलं नव्हतं. एक वर्ष म्हणून आलेली मी तीन वर्षांनी निघाले.

निघायच्या आधीच्या रविवारी बाबा घरी होते. मी त्यांना डबा कुठे लावायचा, पीठ कुठे आहे, ते दाखवत होते. ते हूं हूं करत होते. मग एकदम म्हणाले, "तू नसलीस की ही खोली लई मोठी होईल बघ. म्हणून तोंडातून 'जा' निघत नव्हतं. दुसरं काय न्हाई."

तीन वर्षं मला ती खोली लहान होत गेलेली वाटत होती. मी पिठाच्या डब्याचं झाकण लावलं.

"ती पेटी वाजव की जरा," ते म्हणाले. "तू दिवसभर वाजवायचीस म्हणं. मी कधी ऐकलीच न्हाई."

मी पेटी काढली. पुसली. यमन सुरू केला. बाबा भिंतीला टेकून बसले होते. बंदिश अर्ध्यावर आली तेव्हा त्यांची मान कलली. दोनचार मिनिटांत ते गाढ झोपले, तोंड थोडं उघडं. मी थांबले नाही. आवाज कमी केला आणि शेवटपर्यंत वाजवलं.